तेरा मिनिटांपैकी आपलं किती? बडोद्याच्या एका तबलावादकाचं प्रकरण

जर्मनीतल्या चार तालवादकांच्या एका गटाने बडोद्याच्या एका तबलावादकाकडे रचना मागितली. तबला आणि त्या चौघांची वाद्यं, एकूण तेरा मिनिटं, प्रयोग पुढच्या हंगामात. बिदागी अशी, की तेवढी रक्कम जमवायला बडोद्यात वर्षभर साथ करावी लागली असती. करार सात पानांचा आला. पाचव्या पानावर रचनाकाराने हमी द्यायची होती की ही रचना सर्वस्वी त्याची स्वतःची आहे, नवी आहे आणि तिच्यात दुसऱ्या कोणाचं काहीही नाही. वादक तिथेच अडला. सही न करता कागद घेऊन माझ्याकडे आला.

मी वाजवणारा नव्हे. दांडियाबाजारातल्या एका मंडळाची बिलं, परवाने आणि कलावंतांचे करार बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे कागदाचं काही निघालं की हा ‘काका’ म्हणत दारात उभा. सगळ्यांच्या संमतीने लिहितो आहे, पण नावं देत नाही. या प्रकरणात नावाला काय किंमत असते ते पुढे येईलच.

वादकाची आजवरची वाट

वय अडतीस. पणजोबा गायकवाडी नोकरीसाठी साताऱ्याकडून आले ते इथेच राहिले. घरात मराठी, गल्लीत गुजराती, तालमीत हिंदी. आठव्या वर्षी गुरुजींकडे गेला, पुढे सूरसागरसमोरच्या महाविद्यालयात तबल्याची पदवी आणि पदव्युत्तर पदवी. ही संस्था म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली काढलेली गायनशाळा, आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची शाखा. अजराडा या तबल्याच्या घराण्याचा बाज, म्हणजे वाजवण्याची ढब, बडोद्यात रुजला तो इथेच, हबीबुद्दीन खाँसाहेबांचे शिष्य प्रा. सुधीरकुमार सक्सेना यांच्या दीर्घ अध्यापनातून. आमच्या वादकाचा हात त्याच बाजाचा. आडी लय, तीन-तीनच्या वजनात चालणारे कायदे (तबल्यातला कायदा म्हणजे ठरलेल्या बोलांची मूळ ओळ आणि तिचा विस्तार) आणि डग्ग्याचं, म्हणजे जोडीतल्या खर्ज आवाजाच्या वाद्याचं, भरपूर काम.

पोटाचं गणित असं: पहाटे अमेरिकेतले ऑनलाइन विद्यार्थी, दुपारी एका शाळेत संगीतशिक्षक, संध्याकाळी कथकच्या वर्गाला साथ. गणपतीत नाट्यगीतं, नवरात्रात गरब्याला ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य. ऑक्टोपॅडचा विषय गुरुजींसमोर निघत नाही. त्यांना ठाऊक आहे, त्यांना ठाऊक आहे हे यालाही ठाऊक आहे, आणि नऊ रात्रींतून मुलीच्या शाळेची फी निघते हे दोघांनाही ठाऊक आहे.

पंधरा वर्षांत याने किती रचलं असेल याला मोजदाद नाही. कथकच्या एका कार्यक्रमातच दहा-बारा तिहाया, म्हणजे तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपवायचे तुकडे, नव्याने बांधाव्या लागतात. नर्तिकेला तुकडा कमी पडला की हा जागच्या जागी चार आवर्तनांचा करून देतो. पण पत्रिकेवर ‘तबला साथ’ या दोन शब्दांपुढे, ध्वनिव्यवस्था आणि मंडपवाला यांच्या वर, एवढीच त्याची नोंद. सांगण्याचा मुद्दा हा की जर्मनीहून मागणी आली तेव्हा तो रचनाकार म्हणून नवखा मुळीच नव्हता. त्याच्या नावावर मात्र एकही रचना नव्हती.

गायकांचं तसं नसतं. बडोदे दरबारचे फैयाज खाँ बंदिशी बांधत आणि अंतऱ्यात ‘प्रेमपिया’ घालत. बंदिश कुठेही गेली तरी नाव तिच्या पोटात बसून जातं. तबल्याच्या बोलात नाव घालायला जागाच नाही. ‘धागेन धात्रक धितिट’मध्ये कुठे घालणार? मग कोणाची गत, म्हणजे तबल्याची बांधीव रचना, हे सांगायला माणूस लागतो, आणि तो माणूस गेला की गत ‘पारंपरिक’ होते.

परदेशी गटाला नवी रचना का लागते

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात नुसत्या तालवाद्यांचा संसार उणापुरा शंभर वर्षांचा. त्याआधी तालवादक वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत उभा राहून आपली पाळी येईपर्यंत विराम मोजायचा. एडगार व्हारेझ यांची तेरा वादकांसाठीची ‘आयोनिझासिओं’ १९३१ मध्ये पुरी झाली आणि १९३३ मध्ये न्यूयॉर्कला वाजली, ती या वळणावरची एक मोठी खूण. स्ट्रासबुर्गचा नामांकित तालवाद्यगट निघाला १९६२ मध्ये. व्हायोलिनवाल्यांकडे तीनशे वर्षांचं भांडार आहे; यांच्याकडे ते नाही, म्हणून हे लोक सतत संगीतकारांच्या मागे लागून नव्या रचना करून घेतात. तालवादक एव्हलिन ग्लेनी यांनी अशा दोनशेहून जास्त रचना करवून घेतल्या आहेत. तिथे तालवादकाची कारकीर्द म्हणजे अर्धं वाजवणं आणि अर्धं नवं भांडार उभं करणं.

त्यामुळे ‘संपूर्ण नवी’ ही अट त्यांच्या बाजूने रास्तच होती. पैसे मोजून मागवलेल्या रचनेवर उद्या तिसऱ्याने हक्क सांगू नये, इतकंच त्यांना हवं होतं. आपल्याकडे झाकीर हुसेन यांनी तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी २०१५ मध्ये मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी ‘पेशकार’ हा कॉन्चेर्टो केला. मोठ्या नावाभोवती असे प्रश्न फार कोणी काढत नाही. अडतिशीतल्या साथीदाराला सातही पानं वाचून सही करावी लागते.

वाडीतली दुपार

मी त्याला म्हटलं, आधी तेरा मिनिटं कागदावर उतरव आणि ओळीओळीपुढे लिही, हे कुठून आलं. त्याने मसुदा केला. सुरुवातीला पेशकाराच्या, म्हणजे वादनाच्या प्रारंभीच्या संथ प्रकाराच्या, अंगाने मोकळा भाग, मग तिस्र जातीतला (तीन-तीनचा) कायदा आणि पलटे, म्हणजे त्याच बोलांच्या फेरमांडण्या, एक रेला, म्हणजे जलद बोलांची सलग धाव, एक गत, शेवटी चक्रदार, म्हणजे तिहाईसकट तीनदा येणारा तुकडा. तो घेऊन आम्ही दोघं वाडीत गुरुजींच्या घरी गेलो. गुरुजी ऐंशीच्या घरातले, चष्मा कपाळावर चढवून वाचतात.

वाचत कसले, म्हणत होते. प्रत्येक ओळ तोंडाने पढंत करून, मांडीवर टाळी-खाली देत. कायद्याचं मुख, म्हणजे त्याची मूळ ओळ, आलं तसे थांबले. “हे खाँसाहेबांकडचं. याच्यावर सही करशील?” वादक म्हणाला, “नाही गुरुजी, म्हणून तर आलो.” पुढचे चार पलटे त्यांनी ‘तुझे’ म्हणून सोडले. पाचव्यावर बोट ठेवलं. “हा माझा.” वादकाला धक्काच. वीस वर्षं तो पलटा घराण्याचा म्हणून वाजवत होता, गुरुजींनी कधी सांगितलंच नव्हतं. “सांगायचं काय त्यात? तुला दिला म्हणजे तुझा.” वादकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी कागदावर ‘गुरुजी’ असं लिहिलं तर त्यांनी ते खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही.

गतीवर मात्र त्यांनी एकच शब्द उच्चारला, “नको.” कारण दिलं नाही. हुंड्यात गती दिल्याच्या कथा तबल्याच्या जगात सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. खऱ्या किती, रचलेल्या किती, ते सोडा, पण गत ही जपून ठेवायची चीज असते ही भावना त्यांतून कळते. जर्मनीतल्या छापील पुस्तिकेत ती जाणं गुरुजींना पटलं नाही. वादकाने तिथल्या तिथे गत काढून टाकली. तेरा मिनिटांतली दीड मिनिटं गेली.

उरला चक्रदार, आणि सर्वांत गुंतागुंतीचा तोच निघाला. त्यातली तिहाई कथकच्या वर्गात जन्मली होती. नर्तिकेच्या पायातून एक पाच मात्रांचा तुकडा आला, याने तो हातात घेतला, मध्ये दम, म्हणजे छोटा विराम, टाकला, आणि दोघांनी मिळून ती बसवली. ती कोणाची? फोन लावला. ती म्हणाली, “पायातलं माझं, हातातलं तुझं. पण जर्मनीत छापणार असशील तर माझं नाव घाल हं.” दोन वाक्यांत इतका स्वच्छ निवाडा मी वकिलांकडूनही ऐकलेला नाही.

दुपारअखेर कागद असा झाला: तेरापैकी जेमतेम सात मिनिटं निर्विवाद त्याची. दोन-अडीच मिनिटं घराण्याची. एक पलटा गुरुजींचा, एक तिहाई दोघांची. बाकीचं, म्हणजे पेशकाराच्या अंगाचा मोकळा भाग, रंगमंचावर त्या-त्या वेळी होणारा. तो आधी लिहिताच येत नाही, तर कोणाचा म्हणायचा?

कायदा, म्हणजे सरकारी कायदा

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संगीतकृतीची मूळ व्याख्या अशी होती की कृती लिहिलेली, छापलेली किंवा अन्य रीतीने चिन्हांकित झालेली हवी. शिवाय स्वरावली आणि हार्मनी हे शब्द त्यात होते. तबल्याच्या गतीत दोन्ही नाहीत, आणि ती लिहिलेली तर नसतेच. १९९४ च्या दुरुस्तीने हे बदललं. आता संगीत असलेली कृती म्हणजे संगीतकृती, लिपीत उतरवली असो वा नसो, आणि ज्याने रचली तो रचनाकार, त्याने ती लिहून ठेवली नसली तरी. याचा अर्थ, आमच्या वादकाने शाळकरी वयात रियाज सुरू केला त्या सुमारापर्यंत तोंडी रचना करणाऱ्याला कायद्याच्या लेखी उभं राहायला नीटशी जागा नव्हती.

त्याच व्याख्येत आणखी एक गंमत आहे. संगीतासोबत म्हणायचे शब्द आणि करायच्या क्रिया संगीतकृतीत धरत नाहीत. मग पढंतीचे बोल कशात मोडतात? वाजवले तर संगीत, म्हटले तर शब्द? यावर मी दोन वकिलांशी बोललो आणि मला तीन मतं मिळाली. नर्तिकेच्या बाजूने कायदा त्यापेक्षा सरळ आहे. नृत्यरचना ही नाट्यकृतीत येते, मात्र ती लेखी किंवा अन्य प्रकारे पक्की केलेली हवी. तिच्या वर्गाचं मोबाइलवरचं चित्रण इथे कामाला येऊ शकतं. तिला तसं सांगितलं तेव्हा तिने आधी जुन्या फोनचा चार्जर शोधायला घेतला.

हक्काची मुदत रचनाकाराच्या हयातीनंतर साठ वर्षं. म्हणून घराण्याचा जुना कायदा कोणाच्याही मालकीचा नाही, असं म्हणून मोकळं होता येतं. पण परंपरा कुठे संपते आणि माणसाची रचना कुठे सुरू होते हे ठरवणं न्यायालयांनाही जड जातं. एका तमिळ चित्रपटगीतावरून धृपदिये फैयाज वासिफुद्दीन डागर आणि ए. आर. रहमान यांच्यात जो वाद झाला, त्यात एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने तो रद्द केला. पाच महिन्यांत दोन टोकं. वाडीतल्या खोलीत आम्ही जे करत होतो तो उगाच सोवळेपणा नव्हता, हे त्यावरून लक्षात यावं.

मी नवं कलम सुचवलं: मांडणी, संयोजन आणि सोबतच्या यादीत दाखवलेले भाग रचनाकाराचे, यादीतले पारंपरिक बोल कोणाच्याही मालकीचे नाहीत आणि त्यांवर रचनाकार किंवा गट कोणीही हक्क सांगणार नाही, गुरुजी आणि नर्तिका यांची नावं स्वरलेखनाच्या पहिल्या पानावर. गटाला हरकत नव्हती, उलट यादी बघून ते खूश झाले. अडचण दुसरीकडे निघाली. युरोपातल्या रॉयल्टी वसूल करणाऱ्या संस्थांकडे जुन्या, हक्कमुक्त रचनेची मांडणी म्हणून नोंद झाली की रॉयल्टीचा वाटा घटतो. प्रामाणिकपणाचा खर्च रोखीत भरावा लागणार होता.

इथे आमचं वाजलं. माझं म्हणणं, चार पलटे आणि रेला पूर्ण तुझे, मुखाच्या दोन ओळींसाठी सगळी रचना ‘पारंपरिक मांडणी’त घालू नकोस, त्या दोन ओळी सुट्या दाखव आणि बाकीची नोंद मूळ रचना म्हणून कर. त्याचं म्हणणं, मुखाशिवाय पलटा कुठला? पलट्यात मुखाबाहेरचा बोल घालता येत नाही हा तर नियम. मग पलटा माझा कसा? मी म्हटलं, लोकांनी दिलेल्या सात स्वरांत गाणारे रॉयल्टी घेतात ना? त्याला ते पटलं नाही. मला अजूनही वाटतं की त्याने गरजेपेक्षा जास्त सोडलं. साथीला बसणाऱ्या माणसाला ‘हे माझं’ म्हणायची सवयच नसते, आणि पंधरा वर्षांची सवय करारापुरती मोडत नाही. शेवटी तडजोड झाली: तबल्याच्या कायद्याचा भाग मांडणी म्हणून, बाकी मूळ रचना म्हणून, असे दोन तुकडे करून नोंद. गटाच्या प्रकाशकाला हे किचकट वाटलं, पण चाललं.

कागदावरची सम

स्वरलेखनाचं कामही कमी नव्हतं. बडोद्याला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. मौलाबक्षांनी गायनशाळेसाठी स्वतःची लेखनपद्धती बसवली. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने इथेच भरली, आणि सर्वांसाठी एकच लेखनपद्धती हवी हा तिथला जिव्हाळ्याचा विषय. पण भातखंडे असोत की पलुस्कर, त्यांच्या पद्धतीत बोल, मात्रा, टाळी, खाली मिळतात. बोल कसा काढायचा ते नाही. ते गुरूने दाखवायचं असतं असं गृहीत. ‘तिट’ दिल्ली-अजराड्याकडे बोटांनी, पूरब बाजाकडे पंजाने. कागदावर दोन्ही ‘तिट’च.

युरोपियन पद्धतीने लिहिताना त्याने दोन रेघा घेतल्या, वरची तबल्याची, खालची डग्ग्याची. चाट (पुडीची कड), शाई (काळा गोल) आणि लव (दोन्हींमधला भाग) यांना वेगवेगळी चिन्हं आणि खाली देवनागरी नव्हे तर रोमन बोल. गटाने पहिली तालीम करून ध्वनिमुद्रण पाठवलं. ऐकताना वादक गप्प. अचूक होतं. मात्रा न् मात्रा जागेवर. आणि तिहाई संपतच नव्हती.

झालं असं होतं: पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रेचा दम. पाच त्रिक पंधरा आणि दोन, सतरा. सोळा मात्रांच्या तीनतालाच्या समेपासून उचललेली, म्हणजे सतरावी मात्रा ही पुढच्या आवर्तनाची सम. शेवटचा ‘धा’ तिथे पडतो आणि सगळं तिथे येऊन बसतं. युरोपियन लेखनात सतरावी मात्रा नव्या रकान्यात जाते. उभी रेघ ओलांडून. इथे तर ती पान उलटल्यावर आली होती. चौघांनी सोळाव्या मात्रेवर श्वास सोडला, पान उलटलं, आणि तो ‘धा’ नव्या विषयाची सुरुवात म्हणून हळूच वाजवला. आपल्या कानाला सम म्हणजे पोचण्याची जागा. त्यांच्या कागदावर पहिली मात्रा म्हणजे निघण्याची जागा.

वादकाने लेखन बदललं. जाड दुहेरी रेघ समेच्या आधी न घालता समेनंतर घातली. सम एकट्या मात्रेचा वेगळा रकाना म्हणून त्याच पानावर आणली. पुढच्या ध्वनिमुद्रणात चौघे समेवर असे आदळले की फोनवर ऐकतानाच मी ‘क्या बात’ म्हणून गेलो.

खालीचा घोळ दुसराच. कायद्याच्या खालीच्या, म्हणजे तालातल्या रित्या भागाच्या, अंगात डग्गा उघडा वाजत नाही, ‘धा’चा ‘ता’ होतो. लेखनात खालच्या रेघेवर विरामचिन्हं दिसली म्हणून त्यांनी तो भाग हळू वाजवला, आवाज उतरवून. खाली म्हणजे मंद आवाज नाही, जमीन काढून घेणं आहे, हे चिन्हाने सांगता येईना. त्याने पढंतीचं ध्वनिमुद्रण पाठवलं आणि अट घातली की चौघांनी आठवडाभर नुसतं तोंडाने म्हणायचं, हातात काही घ्यायचं नाही. त्यातला मरिंबावाला (मरिंबा हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य) जर्मन उच्चारात ‘धागेन धात्रक’ म्हणतो ते ऐकून गुरुजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पण आठवड्याने वजन आलं. तीन-तीनचं वजन ‘ट्रिपलेट’ म्हणून लिहिलं तर दर पहिल्या ठोक्यावर सारखा भार पडून ते दळण होतं. ‘गे’वर डग्ग्याचा दाब कुठे वाढतो ते तोंडात बसलं तेव्हाच हातात उतरलं. माझं मत असं की करारात स्वरलेखनाच्या जोडीला हे ध्वनिमुद्रण रचनेचा भाग म्हणून नोंदवायला हवं होतं. ते मी दुसऱ्या आवृत्तीत घालून घेतलं.

सुराची एक बारीक गोष्ट. तबला काळी एकचा. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं तसं, शाईच्या भारामुळे आपल्या तालवाद्यांचे वरचे स्वर मेळात येतात, म्हणून तबला सुरात लागतो आणि म्हणूनच बेसूर झाला तर लपत नाही. व्हायब्राफोनच्या धातूच्या पट्ट्या ४४२ हर्ट्झच्या ‘ए’ सुराला धरून पक्क्या, खुंटी पिळून उतरवायची सोय नाही. हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या सभागृहात पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सुरात चढते. बडोद्याच्या पावसाळ्यात उतरते. तो दोन तबले घेऊन गेला, प्रयोगाच्या दोन तास आधी दोन्ही रंगमंचावर उघडे ठेवले, आणि जो स्थिरावला तो हातोडीने मिळवून घेतला. गट्टे, म्हणजे पुडीचा ताण धरणारे लाकडी ठोकळे, त्याने इथूनच थोडे सैल करून नेले होते. हे कोणत्याही करारात नसतं.

पुढे काय झालं

प्रयोग झाला, दोन शहरांत. गटाने दुसरी मागणी अजून केलेली नाही, पण त्या प्रयोगाला आलेल्या एका मरिंबावादिकेने तबला-मरिंबा अशा दोघांच्या रचनेबद्दल विचारलं आहे. वादक आयपीआरएसचा सभासद झाला. ही संगीतकार-गीतकारांसाठी रॉयल्टी वसूल करणारी संस्था १९६९ पासूनची आहे, आणि शास्त्रीय तालवादकाने तिथे नाव घालायचं हे आमच्या ओळखीत कोणाला सुचलंच नव्हतं. अर्जात कृतींची नावं लिहायची होती. पंधरा वर्षांतलं काय काय आठवतं ते लिहायला बसला तेव्हा लक्षात आलं की कशालाच नाव नाही. नर्तिकेने मोबाइलवरच्या चित्रफिती दिल्या, त्यांवरून बावीस तिहाया आणि तुकडे निघाले. त्यातले आठ दोघांच्या नावावर गेले.

आमदनी पालटलेली नाही. शाळा चालू आहे, कथकचा वर्ग चालू आहे, नवरात्रात ऑक्टोपॅडही वाजला. बदलली ती पत्रिका. कथकच्या गेल्या कार्यक्रमात नर्तिकेने आपणहून ‘तबला आणि तालरचना’ असं छापून घेतलं. बिदागीत हजार रुपयांचा फरक पडला. आयोजकांनी कुरकुर केली आणि दिले.

मूळ करारातली एक अट मला वाचतानाच खटकली होती. दोन वर्षं ही रचना दुसऱ्या कोणीही जाहीर वाजवायची नाही. अशा करारांत ही पद्धत असते, आणि गटाने पैसे मोजलेत तर ते रास्तही. पण तबल्याची रचना शिष्याच्या हातात गेली नाही तर ती वाढत नाही. म्हणून मी ‘भारत वगळून’ एवढे दोन शब्द घालून घेतले. गटाने त्यावर प्रश्नसुद्धा विचारला नाही. बडोद्यात कोण वाजवणार, असं त्यांना वाटलं असावं.

आता सूरसागरसमोरच्या महाविद्यालयातली चार मुलं ती बसवताहेत. मरिंबा नाही, व्हायब्राफोन नाही. त्यांच्या जागी पखवाज, ढोलक, दोन तबले, आणि लेहऱ्याला, म्हणजे ताल दाखवत फिरणाऱ्या धुनेला, हार्मोनियम. वादकाने त्यांना स्वरलेखन दाखवलंच नाही, पढंतीवर शिकवतो आहे. पाचव्या पलट्यापाशी आला की हा कोणाचा ते सांगतो. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळात कार्यक्रम आहे, पत्रिकेचा मजकूर मी लिहितो आहे. गुरुजींनी काढायला लावलेल्या गतीची दीड मिनिटं जर्मनीत वादकाने आपल्या एका नव्या तुकड्याने भरली होती. इथे गत घ्यायची का, हे विचारायला तो परवा वाडीत गेला होता. गुरुजी म्हणाले, “इथे घे. पण मोबाइल बंद ठेवायला सांग.”